लिफ्टमामांच्या खिशात राहिलेली चिठ्ठी

लिफ्टमामांना खऱ्या नावाने हाक मारणारं माणूस आता उरलेलं नाही. एका चार मजली प्रसूतिगृहाची लिफ्ट त्यांनी तेवीस वर्षं चालवली आणि त्या तेवीस वर्षांत 'मामा' हेच त्यांचं नाव होऊन बसलं. लिफ्ट जुन्या पद्धतीची. लोखंडी जाळीचं दार हाताने ओढायचं, दांडा एका बाजूला फिरवला की वर, दुसऱ्या बाजूला फिरवला की खाली. लिफ्टची फरशी मजल्याच्या फरशीला नेमकी भिडवणं हे सगळं हातावर होतं. मामा रजेवर गेले की बदली माणूस चार बोटं वर नाहीतर चार बोटं खाली थांबायचा, आणि दिवस भरलेल्या बायका ठेचकाळायच्या. मामांच्या लिफ्टमध्ये मात्र कधी कोणाला ठेच लागली नाही. याचा त्यांना अभिमान होता, आणि तो रास्तही होता.

"वर नेतो तेव्हा दोघं, खाली आणतो तेव्हा तिघं," ते म्हणायचे. "सांगा, दुसऱ्या कुठल्या नोकरीत माणसं वाढतात अशी?"

पण अभिमान एका जागी थांबला नाही. इतकी वर्षं स्टुलावर बसून मामांनी डॉक्टरांची, नर्सांची, नातेवाइकांची बोलणी ऐकली होती. गर्भाशयाचा टाका, बाळाचे ठोके, कावीळ, पेटी हे शब्द त्यांच्या तोंडी आपोआप बसले होते. राहत्या गल्लीत न्हाव्याच्या दुकानात संध्याकाळी चार माणसं जमायची, तिथे कोणाच्या घरी दिवस गेलेले असले की मामांना खुर्ची मिळायची. "मामा, कुठे नाव घालू?" असं कोणी विचारलं की ते आधी छताकडे बघायचे, आणि मग म्हणायचे, "आमच्याकडेच घाला. आमच्याकडे सगळं आहे."

सगळं नव्हतं, हे मामांइतकं कोणालाच माहीत नव्हतं. तिसऱ्या मजल्यावर काचेच्या तीन पेट्या होत्या खऱ्या, पण त्या कावीळ झालेल्या किंवा दोन-तीन आठवडे आधी आलेल्या बाळांसाठी. फार लवकर जन्मलेली, ओंजळीत मावतील एवढी बाळं तिथे ठेवत नसत. त्यांच्यासाठी नदीपलीकडच्या मोठ्या सरकारी रुग्णालयातून गाडी यायची, आणि ती बाळं मामांच्याच लिफ्टमधून खाली जायची. वर्षाला तीन-चार तरी. त्यांचं पुढे काय झालं हे मामांनी कधी विचारलं नाही, आणि न्हाव्याच्या दुकानात त्यांचा विषयही काढला नाही.

घरी मात्र मामांना कोणी काही विचारत नसे. बायको जाऊन सात वर्षं झाली होती. मुलगा इमारतींना खिडक्यांच्या काचा बसवायचा. सकाळी डबा घेऊन बाहेर पडला की अंधार पडल्यावर घरी. त्याचं बापाशी बोलणं म्हणजे "बाबा, गोळी घेतलीत का?" इतकंच. सून वजनमापं तपासणाऱ्या कचेरीत नोकरीला होती. दुकानादुकानांत जाऊन काटे तपासायची, खोट निघाली तर काटा जप्त करायची. बाई मितभाषी, पण बोलली की मोजून. मामांना तिचा थोडा धाकच वाटे.

या सुनेला पहिल्या खेपेला पाचव्या महिन्यात सगळं गेलं होतं. दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा तिने ठरवलं की काहीही नशिबावर सोडायचं नाही. एका वहीत तिने प्रश्न लिहून काढले. मोठ्या रुग्णालयात चौकशी करून आली. तिथली रांग, ओलसर जिना, बाकावर तीन तास बसून लागलेला नंबर हे सगळं तिने नवऱ्याला सांगितलं, आणि हेही सांगितलं की तिथे नवजात बाळांचा वेगळा मजला आहे आणि श्वास देणारी यंत्रं आहेत. मग एका रविवारी, चहा पिता पिता, ती मामांकडे वळली.

"बाबा, तुमचा अनुभव आहे म्हणून विचारते. यावेळीही लवकर झालं, समजा सहाव्या महिन्यातच झालं, तर तुमच्याकडे ते बाळ ठेवतात का?"

प्रश्न सरळ होता. उत्तरही एका शब्दाचं होतं. पण मामांना आधी ऐकू आलं ते 'तुमचा अनुभव आहे म्हणून विचारते'. सात वर्षांत या घरात त्यांना पहिल्यांदाच कोणी असं काही विचारत होतं. मुलगासुद्धा कप खाली ठेवून त्यांच्याकडे बघत होता.

"ठेवतात की," मामा म्हणाले. "तीन पेट्या आहेत. आमच्याकडे सगळं आहे. आणि मी आहे ना तिथे चोवीस तास."

"चोवीस कुठले, आठच तास असता," मुलगा हसत म्हणाला. सून हसली नाही. तिने वहीत काहीतरी लिहिलं आणि वही मिटली.

त्या प्रसूतिगृहाच्या डॉक्टरीणबाईंना सगळे मॅडम म्हणत. त्यांनी सुनेला तपासलं, चौथ्या महिन्यात गर्भाशयाचं तोंड मिटून राहावं म्हणून टाका घातला, विश्रांती सांगितली. मामांच्या अंगावर त्या दिवसांत मूठभर मांस चढलं होतं. नर्सा म्हणायच्या, "काय मामा, आता आजोबा होणार!" आणि सुनेला ते रांगेशिवाय थेट वर घेऊन जायचे.

पाचव्या महिन्याच्या तपासणीनंतर दोन दिवसांनी मॅडम दुसऱ्या मजल्यावर लिफ्टमध्ये शिरल्या. बरोबर दोन नर्सा होत्या. मॅडमनी एक घडी घातलेला कागद मामांपुढे धरला.

"मामा, ही चिठ्ठी सूनबाईंना द्या. परवा गडबडीत लिहून द्यायची राहिली. मोठ्या रुग्णालयात त्यांचं नाव नोंदवायचं आहे. सातव्या महिन्याच्या आत पोट किंवा कंबर दुखायला लागली, तर इकडे यायचंच नाही, सरळ तिकडे. इतकं लहान बाळ आपल्याला झेपत नाही, तुम्हाला माहीतच आहे."

"हो मॅडम," मामा म्हणाले. नर्सांसमोर त्यांचे कान तापले.

घरी जाईपर्यंत त्यांनी ती चिठ्ठी तीनदा वाचली. रात्री देऊ, म्हणाले. रात्री मुलगा थकून आला होता. उद्या देऊ. दुसऱ्या दिवशी सून भावाशी फोनवर बोलत होती, आणि बोलताना म्हणाली, "नाही रे, बाबांच्याच तिथे करतोय. ते म्हणालेत सगळी सोय आहे." ते ऐकल्यावर चिठ्ठी आणखी जड झाली. ती द्यायची म्हणजे 'मी खोटं बोललो होतो' हेही बरोबर द्यायला लागणार. मामांनी मनाची समजूत घातली, की टाका घातलाय, काही होत नाही, नऊ महिने नीट भरतील, मग चिठ्ठीचा काय उपयोग? त्यांनी ती गणवेशाच्या आतल्या खिशात ठेवली. गणवेश धुवायला टाकताना काढून घ्यायचे आणि धुतलेल्या गणवेशात पुन्हा घालायचे. पाच आठवडे त्यांनी हे केलं. फाडून टाकायचं धाडस नव्हतं आणि द्यायचंही नव्हतं.

पंचविसाव्या आठवड्यातल्या एका मंगळवारी सकाळी दहाच्या सुमाराला सुनेचा फोन आला. मुलगा गावाबाहेर एका उंच इमारतीवर काचा बसवायला गेला होता.

"बाबा, पहाटेपासून कंबर दुखतेय. आता पोटही कडक होतंय, थोड्या थोड्या वेळाने. काय करू? कुठे जाऊ?"

'कुठे जाऊ' हे तिने स्वतःहून विचारलं. मामांना ते पुढे कधीच विसरता आलं नाही. खिशावर त्यांचा हात गेला होता. घरापासून मोठं रुग्णालय टॅक्सीने पाऊण तास, प्रसूतिगृह दहा मिनिटं. वेळ अजून हातात होता.

"इकडेच ये," मामा म्हणाले. "मी खाली उभा राहतो."

ती आली. मॅडम शस्त्रक्रियेत होत्या. त्या बारा वाजता बाहेर आल्या, सुनेला तपासलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. टाका निसटला होता. आता गाडीत घातलं तर वाटेतच होईल, म्हणाल्या. बाळाच्या फुप्फुसांसाठी आईला एक इंजेक्शन द्यायचं असतं, ते दिलं, पण त्याला काम करायला जेवढा वेळ लागतो तेवढा आता मिळणार नव्हता. मोठ्या रुग्णालयाला फोन गेला. मग मॅडम खोलीबाहेर आल्या आणि त्यांनी मामांना बाजूला घेतलं.

"मामा, चिठ्ठी दिली होतीत ना?"

मामांनी मान हलवली. होकारार्थी.

ती मान का हलली, हे मामांना नंतर कित्येक महिने कळलं नाही. मॅडम तशाच आत गेल्या आणि दार लोटलं तरी आतला आवाज मामांना ऐकू आला.

"अहो, लिहून दिलं होतं ना मी तुम्हाला? सरळ तिकडे जायला सांगितलं होतं. इकडे कशाला आलात?"

आणि मग कळांमधून, धापा टाकत, सुनेचा आवाज: "काय लिहून दिलं होतं?"

मामा व्हरांड्यात भिंतीला टेकून उभे होते. भिंतीवर गुटगुटीत बाळाचं चित्र होतं. त्या चित्राखाली वीस-एकवीस वर्षं ऐटीत वावरलेल्या माणसाला त्या क्षणी कुठे तोंड लपवावं ते कळेना. शेवटी ते जिन्याने खाली गेले आणि आपल्या लिफ्टमध्ये जाऊन बसले. निदान तिथे कोणी त्यांना काही विचारणार नव्हतं.

अडीच वाजता मुलगी झाली. सहाशे नव्वद ग्रॅम.

मोठ्या रुग्णालयातली गाडी सव्वातीनला आली. एक तरुण डॉक्टर, एक परिचारिका, चाकांवरची काचेची पेटी. त्यांना मामांनीच वर नेलं आणि मामांनीच खाली आणलं. दुसरं कोण आणणार? परिचारिका पेटीच्या बाजूच्या गोल भोकातून हात घालून एक इवलासा फुगा दाबत होती, एका लयीत, ओठांत आकडे पुटपुटत. तो फुगा म्हणजे पोरीचा श्वास होता.

"मामा, अजिबात धक्का नको," डॉक्टर म्हणाला. ही याच माणसाची नात आहे हे त्याला ठाऊक नव्हतं.

मामांनी दांडा धरला. त्यांना पेटीकडे बघायचं नव्हतं, तरी दिसलं. लाल, जवळजवळ पारदर्शक कातडी. पाऊल मामांच्या अंगठ्याच्या पेराएवढं. लोकरीची टोपी डोळ्यांपर्यंत उतरलेली. लिफ्ट तळमजल्याला लागली ती एका केसाचाही फरक न ठेवता. पेटीची चाकं फरशीवरून फरशीवर गेली तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. "वा," डॉक्टर म्हणाला आणि धावत बाहेर पडला. त्या 'वा'ने मामांना जे वाटलं, ते कोणी थोबाडीत मारून वाटलं नसतं.

सून तीन दिवस प्रसूतिगृहात आणि तिची पोर नदीपलीकडे. तिचं दूध वाटीत काढून मुलगा पाऊण तासाच्या रस्त्याने नेऊन द्यायचा. पहिल्याच संध्याकाळी नवजात विभागाच्या मुख्य डॉक्टरीणबाईंनी त्याला विचारलं, मामा शेजारीच उभे होते.

"आईला आधी का नाही आणलंत? इतक्या लहान बाळाला रस्त्याने आणायचं तर आईच्या पोटातून आणणं सगळ्यात चांगलं. बाळ इथे आलं तेव्हा पार गार पडलं होतं."

"तिथे सोय आहे असं बाबा म्हणाले होते," मुलगा म्हणाला. आरोप म्हणून नाही. विचारलं म्हणून सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी मामांकडे, मग त्यांच्या गणवेशावरच्या प्रसूतिगृहाच्या नावाकडे पाहिलं आणि त्या पुढच्या पेटीकडे वळल्या.

घरी आल्यावर सून मामांशी पूर्वीसारखीच बोलायची. चहा ठेवू का, दिवा घालवा, किल्ली शेजारी दिली आहे. पण त्या दिवसाबद्दल एक शब्द नाही. मामांना जेवण जाईना. कोणीतरी एकदा ओरडावं, भांडी आपटावीत, असं त्यांना वाटायचं. अकराव्या दिवशी सकाळी, ती रुग्णालयात निघताना, त्यांनी दारातच तिला थांबवलं. खिशातून चिठ्ठी काढली. घडीवर ती फाटायला आली होती.

"सूनबाई, ही तुझी आहे. मॅडमनी पाच आठवडे आधी दिली होती. मी दिली नाही. आणि त्या रविवारी तू विचारलंस तेव्हाही मला माहीत होतं."

तिने चिठ्ठी उघडून वाचली. पूर्ण वाचली, खालच्या सहीपर्यंत.

"मला त्याच दिवशी कळलं होतं," ती म्हणाली. "मॅडम बोलल्या तेव्हाच. मी वाट बघत होते, तुम्ही कधी सांगता याची."

"मला माफ—"

"ते आत्ता नको, बाबा. मला जमणार नाही आत्ता." तिने चिठ्ठी पर्समध्ये टाकली. "यांना तुम्ही स्वतः सांगा. मी सांगणार नाही."

मुलाला सांगितलं तेव्हा तो कितीतरी वेळ खिडकीच्या काचेवरून बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "मी तिला म्हटलं होतं, बाबांना विचार. मीच म्हटलं होतं." आणि पंधरा दिवस बापाशी बोलला नाही. "गोळी घेतलीत का" हेसुद्धा नाही.

मॅडमना सांगणं तेवढंच अवघड गेलं. त्या रागावल्या, मग खुर्चीत मागे टेकून बसल्या. "मीही फोन करायला हवा होता. लिफ्टमध्ये चिठ्ठी देऊन मोकळी झाले." पण त्यांनी वाटून घेतल्याने मामांचा वाटा काही कमी झाला नाही.

गल्लीत तर वेगळाच प्रकार. पोर जगतेय असं कळल्यावर न्हाव्याच्या दुकानात मामांचं कौतुक सुरू झालं. "मामांची ओळख म्हणून वाचली पोर! दुसऱ्या कोणाची असती तर?" न्हाव्याने खुर्ची पुढे केली. दोन संध्याकाळी मामांनी ते ऐकून घेतलं, कारण ऐकून घेणं सोपं होतं. तिसऱ्या संध्याकाळी एकाने आपल्या बहिणीसाठी विचारलं, "मामा, तुमच्याकडेच घालू ना नाव?" तेव्हा ते खुर्चीतून उठून उभे राहिले.

"मी लिफ्ट चालवतो," ते म्हणाले. "मला काही कळत नाही. माझ्या सुनेलाही मी असंच सांगितलं होतं, आणि खोटं सांगितलं होतं. तुम्ही स्वतः जा, डॉक्टरांना तोंडावर विचारा, किती आठवड्यांचं बाळ इथे सांभाळता? त्याच्या आत झालं तर कुठे पाठवता? आणि बहिणीला पहिल्या खेपेला काही त्रास झाला असेल तर मोठ्या रुग्णालयात नाव घाला."

न्हाव्याच्या हातातली कात्री थांबली होती, ती पुन्हा चालू झाली. त्यानंतर मामा त्या दुकानात केस कापण्यापुरतेच गेले.

सातव्या आठवड्यात पोरीच्या नाकातली नळी निघाली. आता तिला रोज काही तास कोणाच्यातरी उघड्या छातीवर ठेवायचं होतं. ऊब मिळते, ठोके ऐकून श्वास स्थिरावतो. सकाळी आई असायची, संध्याकाळी बाप. दुपारी कोणी नव्हतं. एका रात्री जेवताना सून म्हणाली, "बाबा, उद्यापासून दुपारी तुम्ही या. सकाळपाळी मागून घ्या."

"मी?" मामांच्या हातातला घास खाली आला. "मी कुठल्या तोंडाने—"

"तोंडाचं काम नाही, छातीचं आहे. तुमची रुंद आहे." मग जरा थांबून म्हणाली, "तुम्हाला शिक्षा म्हणून नाही बोलवत. मला माणूस हवंय."

दुसऱ्या दिवशी त्या मोठ्या मजल्यावर, यंत्रांच्या टिकटिकीत, पन्नाशी उलटून गेलेला एक माणूस सदरा काढून, हात कोपरापर्यंत तीनदा धुऊन, आरामखुर्चीत बसला. शेजारच्या खुर्चीतल्या तरुण बायकांकडे बघायची त्यांना लाज वाटत होती. छातीवरचे पांढरे केस झाकायला हात कुठे ठेवावेत कळत नव्हतं. परिचारिकेने पोर आणून ठेवली. तोवर अकराशे ग्रॅम झाली होती. तिने दोन बोटांनी मामांच्या छातीचा एक केस घट्ट धरला. मामांना रडू आलं, पण रडलं की छाती हलते. म्हणून ते तीन तास न हलता बसले. पहिले काही दिवस त्यांना वाटायचं की ही आता डोळे उघडेल आणि ओळखेल, हाच तो.

शंभराव्या दिवशी पोर घरी आली. पुढे तिच्या डोळ्यांवर लेसरने उपचार झाले आणि जाड भिंगांचा चष्मा लागला. डावा पाय जरा ताठ राहिला. मामांनी एकदा धीर करून मुख्य डॉक्टरीणबाईंना विचारलं, हे त्या दिवशीच्या रस्त्यामुळे झालं का? त्या म्हणाल्या, "त्यामुळेच झालं असं छातीठोकपणे कोणी सांगू शकत नाही. त्या प्रवासाचा काही संबंध नाही, असंही नाही सांगता येत." मामांनी दोन्ही वाक्यं जशीच्या तशी घरी येऊन सुनेला सांगितली. आता त्यातलं एकच सांगावं असं त्यांना वाटलं नाही.

मामा निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. पोर साडेतीन वर्षांची आहे, बडबडी आहे, आजोबांना 'ए आजोबा' म्हणते. पायाच्या व्यायामाला दर गुरुवारी तेच तिला घेऊन जातात. तिथले व्यायाम शिकवणारे लोक सारखे बदलतात, आणि प्रत्येक नवा माणूस नवा कागद भरतो. किती आठवड्यांची? वजन किती? जन्म कुठे झाला? जन्मानंतर दुसरीकडे हलवलं होतं का?

बाकी आजी-आजोबा बाकावर ऐकत असतात. मामा प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देतात. पंचवीस. सहाशे नव्वद. छोट्या प्रसूतिगृहात. हो, हलवलं होतं, पाऊण तास.

"आधी माहीत नव्हतं का, तिथे सोय नाही म्हणून?" गेल्या गुरुवारी त्या नव्या मुलीने सहज, लिहिता लिहिता विचारलं.

"मला माहीत होतं," मामा म्हणाले. "मी सांगितलं नाही."

मुलीने मान वर करून पाहिलं. मामांचे कान अजूनही तसेच तापतात. कागदावर त्यासाठी रकाना नव्हता, म्हणून तिने काही लिहिलं नाही. पोर तोवर समांतर दांड्यांपाशी जाऊन उभी राहिली होती आणि "ए आजोबा, धर ना!" म्हणून ओरडत होती. मामा उठले.